वाचक विचारतात: कागद बंद केला, पण पोच कुठंय?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत. कागद कमी करायचाय, पैसे ऑनलाइन घ्यायचेत, आणि हे करताना काहीतरी हातातून निसटतंय असं वाटतंय. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिली. पत्रं थोडी छोटी केलीयेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: मी इंटिरियर डिझायनर आहे, नाशिकला गंगापूर रोडवर छोटं ऑफिस, हाताखाली दोन मुली. प्लॉटर प्रिंट आणि झेरॉक्सचा खर्च परवडेना म्हणून सगळी ड्रॉइंग्ज पीडीएफनेच द्यायला लागले. आता क्लायंट म्हणतात ‘मला आलंच नाही’, साइटवर सुतार कुठलं तरी जुनं व्हॉट्सअॅप बघून प्लाय कापतो, आणि फायनल फाइल एकदा गेली की शेवटचा हप्ता लटकतो. कागद होता तेव्हा निदान सही तरी असायची. परत प्रिंटवर जाऊ का?

उत्तर: नाही ताई, परत जाऊ नका. पण तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे बघा, ‘सही तरी असायची’. कागदाचं ड्रॉइंग हातात दिलं की समोरचा ते उघडून बघायचा, कोपऱ्यात सही करायचा, तारीख पडायची आणि जुनी प्रिंट तुम्ही परत घ्यायचात. पीडीएफ पाठवली की यातलं फक्त ‘देणं’ होतं, बाकीची कामं करणारं कुणी उरलंच नाही. ती कामं एकेक करून नव्या जागी बसवायचीत.

सगळ्यात आधी पोच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये याची चांगली सोय आहे, लोकांना ती माहीतच नसते. क्लायंटने ‘मला सगळं या मेलवर पाठवा’ असं आधीच ठरवून दिलं असेल तर तुमचा मेल तिथे पोचला की तो मिळाला असं धरलं जातं, त्याने उघडला की नाही हा प्रश्न येत नाही. म्हणून कोटेशनच्या शेवटी एक ओळ टाका, ड्रॉइंग, बदल आणि बिलं अमुक मेलवर आणि अमुक व्हॉट्सअॅप नंबरवर दिली जातील आणि तीच अधिकृत धरली जातील, आणि त्याला ‘मान्य’ असं उत्तर मागून घ्या. त्याच कायद्यात असंही आहे की पोच कशी द्यायची ते आधी ठरलं नसेल तर कुठल्याही निरोपाने किंवा वागण्यातूनही ती मानता येते. म्हणजे ‘मिळालं, किचनचा ओटा दोन इंच वाढवा’ एवढा मेसेज आला तरी पोच झाली. फक्त ती तुमच्याकडे शोधल्यावर सापडली पाहिजे, म्हणून महत्त्वाचं काहीही फोनवर ठरलं की त्याच संध्याकाळी ‘आज फोनवर असं असं ठरलं’ असा चार ओळींचा मेल टाकायचाच. कंटाळा येतो, पण टाकायचाच.

दुसरं, सुताराचं. तिथे मी कागदाच्याच बाजूने आहे. धुळीत, हातात करवत असताना कुणी मोबाईल झूम करून माप बघणार नाही आणि बघूही नये. साइटला एक प्रिंट द्या, भिंतीवर लावा, तारीख आणि आर-१, आर-२ असा रेव्हिजन नंबर मोठ्या अक्षरात, आणि नवीन लावताना जुनी तुमच्या मुलीने स्वतः काढून आणायची. मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर कटिंगची ड्रॉइंग टाकणं पूर्ण बंद. ग्रुपवर फोटो आणि निरोप, ड्रॉइंग फक्त एका शेअर्ड फोल्डरमध्ये, त्या फोल्डरमध्ये प्रत्येक खोलीची एकच चालू फाइल आणि बाकी सगळ्या ‘जुने’ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये, तो क्लायंटला दिसतच नाही असा. फाइलच्या नावात ‘फायनल’ शब्द वापरायचा नाही, कारण फायनल, फायनल-नवीन, फायनल-खरंच असं होत जातं. आधी तारीख मग साइट मग खोली मग रेव्हिजन, बस.

आता पैसे. तुमच्या धंद्यात जीएफसी ड्रॉइंग म्हणतात ना, गुड फॉर कन्स्ट्रक्शनचा शिक्का असलेलं, तो शिक्काच तुमची किल्ली आहे. चर्चेच्या फाइलींवर आडवा वॉटरमार्क, ‘फक्त चर्चेसाठी’, मापं अर्धवट. त्या टप्प्याचा हप्ता खात्यात आला की शिक्क्याची फाइल. आणि शेवटचा हप्ता मोठा ठेवूच नका हो, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, काम संपल्यावर माणसाला डिझायनरची गरज उरत नाही हे सगळ्या साइटवर खरं आहे. यूपीआयला साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, त्यामुळे मोठ्या हप्त्यासाठी बिलावरच खातं नंबर आणि आयएफएससी छापा. एनईएफटी आता २४ तास चालते, आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, तीही २४ तास, त्यामुळे ‘बँक बंद होती’ हे कारण २०२० नंतर उरलेलं नाही.

दोन टॅक्सच्या गोष्टी पण सांगतो, कारण ऑनलाइन आलं की सगळं दिसतं. तुम्ही जीएसटीत असाल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर तो आला तेव्हाच टॅक्स लागतो, बिल नंतर केलं तरी, म्हणून ॲडव्हान्सची रिसीट व्हाउचर त्याच दिवशी करा. आणि इन्कम टॅक्समध्ये इंटिरियर डेकोरेशनला पन्नास टक्के नफा धरून भरायची जी सोपी पद्धत आहे तिची वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख आहे, पण वर्षाच्या जमेत रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ७५ लाखांपर्यंत जाते. रोख कमी करण्याचा हा सरळ हिशोबातला फायदा आहे.

प्रश्न: अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क. मुलगा म्हणतो चलनबुकं बंद करू, सगळं सॉफ्टवेअरवर. पण माल गेटवर गेला की तिथला वॉचमन शिक्का चलनावरच मारतो. आणि पेमेंट तर नव्वद दिवस, कधी त्याहून जास्त, विचारलं तर ‘तुमचं बिल सिस्टीमला दिसत नाही’. यात पेपरलेस होऊन मला काय मिळणार?

उत्तर: काका, मुलगा अर्धा बरोबर आहे. चलन सॉफ्टवेअरवर बनवा, नंबर आपोआप पडतो, हातची बुकं नकोत. पण मालाबरोबर जाणारा कागद सोडू नका. जीएसटीच्या नियमात चलन तीन प्रतींचं आहे, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिलही, म्हणजे वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचं बिल, लागतं, रस्त्यात गाडी अडवली तर ड्रायव्हरकडे दाखवायला काहीतरी हवंच.

खरी गोष्ट पुढे आहे. तो गेटवरचा शिक्का हा तुमच्या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात महागाचा कागद आहे आणि बहुतेक शॉपमध्ये तो ड्रायव्हरच्या खिशात घामाने भिजलेला असतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, करारच नसेल तर १५ दिवसांत. पीओवर, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर, नव्वद दिवस छापलं म्हणून कायदा नव्वद होत नाही. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि हे दिवस मोजायचे माल मिळाल्यापासून. माल मिळाल्यावर १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. आता सांगा, माल कधी मिळाला हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे? तोच शिक्का.

म्हणून पेपरलेस इथे उलट्या टोकाने सुरू करायचं. ड्रायव्हरने गेटच्या बाहेर आल्या आल्या शिक्क्याच्या चलनाचा मोबाईलवर स्कॅन करायचा, फोटो नाही, स्कॅन, कडा सरळ आणि तारीख वाचता येईल असा, आणि तो ऑफिसच्या नंबरवर टाकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ऑफिसात तो पीओ नंबरच्या फोल्डरला जातो, बिलाच्या मेलला तोच स्कॅन जोडला जातो, आणि चार दिवसांनी त्यांच्या स्टोअरला एकच ओळ, ‘जीआरएन नंबर कळवा’, म्हणजे माल जमा झाल्याची त्यांच्याकडची नोंद. जीआरएन पडला नसेल तर बिल खरंच सिस्टीमला दिसत नाही, अकाउंटवाला खोटं बोलत नसतो, आणि तो का पडला नाही हे चौथ्या दिवशी विचारणं आणि नव्वदाव्या दिवशी विचारणं यात फार फरक आहे. टेस्ट सर्टिफिकेट आणि इन्स्पेक्शन रिपोर्टही त्याच मेलमध्ये, वेगळे नको, नाहीतर माल ‘क्यूसी होल्ड’ला, म्हणजे तपासणी बाकी म्हणून, पडून राहतो.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलं नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर ते फुकट आहे, कुणी त्याचे दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नका. तो नंबर आणि ‘देय तारीख’ प्रत्येक बिलावर छापा. थकलेल्या पेमेंटची सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण मला कळतं की रोज ज्यांच्या गेटवर जायचं त्यांच्याविरुद्ध तक्रार करणं सोपं नाही, कामच बंद झालं तर काय ही भीती खरी आहे आणि तिला कुणी हसू नये. त्याआधीची एक मऊ वाट आहे. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये असं झालंय की सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत थकलेल्या बिलांचं एक स्टेटमेंट उद्यम नंबरासकट त्यांच्या अकाउंट्सला नुसतं पाठवायचं, भांडणाचा शब्द न लिहिता. त्यांच्या सीएला ते वाचून काय करायचं ते कळतं.

अजून एक सावधगिरी, कारण मेलवर आलात की हे येतंच. तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या मेल आयडीवरून तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल जातो आणि पैसे भलतीकडे. बिलाखाली कायमचं छापा की खातं बदललं तर आम्ही फोन करून आणि लेटरहेडवर कळवू, नुसत्या मेलवर विश्वास ठेवू नका. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, ते नाव बघूनच पैसे पाठवा असंही गिऱ्हाइकाला सांगा.

प्रश्न: आमचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अजून लाल वहीतच उधारी लिहितात. सिंहस्थ जवळ आलाय, आश्रमांच्या आणि आचाऱ्यांच्या मोठ्या ऑर्डरी येतील, क्यूआर कोड लावलाय पण हिशोब काही जुळत नाही. आप्पांना वही सोडायला कशी सांगू?

उत्तर: सांगूच नका. लक्ष्मीपूजनाला ज्या वहीवर हळदकुंकू वाहिलं ती ‘आता बंद’ म्हणून सांगणं त्यांना किती लागेल याचा विचार करा, आणि खरं तर गरजही नाही. वहीतली नोंद आप्पांची, त्या पानाचा फोटो तुमचा. रोज दुकान बंद करताना त्या दिवसाचं पान स्कॅन करून तारखेच्या नावाने ठेवा, एक प्रत ऑनलाइन ड्राइव्हवर आणि एक घरच्या कम्प्युटरवर, घर नदीपासून लांब असेल तर उत्तम. तुम्हाला हे पटवून द्यायची गरज नाही, पुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला की भांडी बाजारात काय होतं ते २०१६ ला आणि २०१९ ला तुम्ही बघितलंय. भांडी धुऊन विकता येतात, उधारीची वही धुता येत नाही.

हिशोब जुळत नाही त्याचं कारण मला बहुतेक नावात दिसतंय. वहीत उधारी असते ‘पंचवटीवाले आचारी’ म्हणून आणि यूपीआयने पैसे येतात त्यांच्या पुतण्याच्या नंबरवरून, त्याचं नाव तुम्हाला माहीतच नाही, मग बँकेत जमा दिसते आणि वहीत बाकी तशीच. यावर सॉफ्टवेअर नको, शिस्त हवी. पैसे आले की समोरच्याकडून व्यवहाराच्या नंबरचे शेवटचे चार आकडे विचारायचे आणि आप्पांनी ते वहीत त्याच उधारीसमोर लिहायचे. यूपीआयच्या व्यवहाराला १२ आकडी नंबर असतो, शेवटचे चार पुरतात. आठवड्यातून एकदा तुम्ही बँकेचं स्टेटमेंट आणि वही घेऊन बसा, आप्पांना बरोबर घेऊन बसा, कारण कोण कुणाचा पुतण्या हे तेच सांगू शकतील. आणि क्यूआर कुणाच्या खात्याचा आहे ते बघा, बऱ्याच दुकानांत तो मुलाच्या सेव्हिंग खात्याचा असतो आणि दुकानाची विक्री त्याच्या नावावर दिसते. दुकानाच्या करंट खात्याचा घ्या.

आश्रमांच्या मोठ्या ऑर्डरीत रोख मिळेल, तेव्हा एक नियम लक्षात ठेवा. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. तीन दिवसांत तोडून घेतले तरी बिल एकच असेल तर सुटका नाही. आणि छोट्या व्यापाऱ्यांची जी अंदाजे नफ्याची पद्धत आहे त्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. हा दोन टक्क्यांचा फरक आप्पांना त्यांच्या वहीतच मांडून दाखवा, ते लगेच समजतील.

प्रश्न: काम घेताना क्लायंट म्हणतात स्टँपवर अॅग्रीमेंट कशाला, व्हॉट्सअॅपवर ठरलंय की. कोर्टात चालतं का ते? (नाशिकरोड)

उत्तर: करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो अवैध ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. मेसेज पुरावा म्हणूनही चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट छापून नेले की वकील डोक्याला हात लावतो. म्हणून ते चॅट डिलीट करू नका, मोबाईल बदलताना बॅकअप घ्या. मोठ्या रकमेचं काम असेल तर मी तरी पीडीएफ करार करून आधार ई-साइनने दोघांच्या सह्या घ्या म्हणेन, किंवा सरळ कागदावर. स्टँप ड्यूटी कागद नाही म्हणून माफ होत नाही, आणि आधी जिथे १०० चा स्टँप लागायचा तिथे महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. मृत्युपत्र आणि ट्रस्ट डीड मात्र मोबाईलवर होत नाहीत, ती कागदावरच.

प्रश्न: लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो, पंचवटी. लिंक पाठवली की लोक सहा महिन्यांनी विचारतात ‘लिंक उघडत नाही’. आणि एकाने पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून पेनड्राइव्ह नेला, पैसे आलेच नाहीत.

उत्तर: स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच. आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कुणी पिन टाकायला लावत असेल तर तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

लिंकचं असं करा, फोटो निवडायला छोट्या साइजचे वॉटरमार्कवाले द्या, पूर्ण पैसे आले की मोठे. फुकटच्या गुगल ड्राइव्हला १५ जीबीच मिळतात आणि त्यात जीमेलही आलं, तुमचं एक लग्न त्यात मावणार नाही, तेव्हा लिंक किती दिवस चालू राहील आणि डेटा तुम्ही किती महिने सांभाळाल हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. शिवाय हार्डडिस्कवर कॉपी करून द्याच. लग्नाचे फोटो आहेत ते, त्या घराच्या हातात काहीतरी ठेवावं असं माझं मत आहे, आणि ती देताना एका छोट्या पावतीवर सही घ्या. व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की क्वालिटी पडते आणि नाव तुमचं खराब होतं.

प्रश्न: सगळ्या जुन्या फायली स्कॅन झाल्या. आता रद्दीत देऊ का?

उत्तर: थोडं थांबा. जीएसटीचे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि नोटीस, अपील किंवा केस चालू असेल तर त्याहून जास्त. स्टँपवरचे करार, जागेची कागदपत्रं, न वटलेले चेक आणि बँकेचे रिटर्न मेमो, ओरिजिनल सहीचं जे काही असेल ते स्कॅन झालं तरी ठेवा. थर्मल पेपरची बिलं आधी स्कॅन करा, ती आपोआप कोरी होतात. बाकीचं द्यायला हरकत नाही, पण त्यात गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्सा असतात, त्या अख्ख्या रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका, फाडून नाहीतर श्रेडरमधून काढून द्या. आणि स्कॅन खरंच उघडतायत का, पानं उलटी-अर्धी तर नाहीत ना, हे प्रत्येक फायलीतली चार पानं उघडून बघा, मगच पोतं बाहेर काढा.